मेंडोसा ते सँतियागो: बसने अँडीज ओलांडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्जेंटिनातल्या मेंडोसा शहरातून सकाळी निघालेली बस संध्याकाळपर्यंत चिलीच्या राजधानीत, सँतियागोला पोचते. मधे अँडीज पर्वत, एक लांब बोगदा आणि एक सीमाचौकी. पाठीवर सॅक घेऊन दक्षिण अमेरिकेत फिरणारे बहुतेक जण कधी ना कधी या रस्त्याने जातात. रस्ता चांगला आहे, बसही आरामशीर असतात. अडचण येते ती बर्फामुळे, कागदांमुळे आणि सॅकेच्या कप्प्यात विसरलेल्या सफरचंदामुळे. म्हणून खाली या तिन्हींवर जास्त लिहिले आहे.

रस्ता नेमका कसा जातो? वेळ किती लागतो?

अंतर साधारण ३६० किलोमीटर. वेळापत्रकात सात-आठ तास लिहिलेले असतात, पण तो हिशोब सीमेवर रांग नसेल तेव्हाचा. चौकीवर एक तासही जातो आणि चारही जातात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी दहा-अकरा तास धरूनच निघा. त्या संध्याकाळचे विमान किंवा पुढची बस पकडायचा बेत करू नका.

मेंडोसा समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. तिथून राष्ट्रीय मार्ग ७ पोत्रेरियोसच्या धरणाजवळून उस्पायाताला (सुमारे १,९०० मीटर) येतो आणि पुढे पुंता दे वाकास, पुएंते देल इंका, लास कुएवास करत बोगद्यापाशी पोचतो. ‘क्रिस्तो रेदेंतोर’ नावाचा हा बोगदा १९८० साली खुला झाला. लांबी ३,०८० मीटर, उंची सुमारे ३,२०० मीटर. सीमारेषा बोगद्याच्या आतच ओलांडली जाते.

सह्याद्री माहीत असलेल्याला या रस्त्याची घडण लगेच कळेल. देशावरून घाटमाथ्यापर्यंत चढ जाणवत नाही आणि कोकणात उतरताना मात्र कडा एकदम सामोरा येतो, तसेच इथे आहे. पूर्वेकडून दोनशेएक किलोमीटर सावकाश चढण आहे. पश्चिमेला बोगदा संपला की सत्तरएक किलोमीटरांत बस लोस आंदेस गावापर्यंत, म्हणजे जवळजवळ २,४०० मीटर खाली उतरते. त्यातला सगळ्यात तीव्र तुकडा ‘लोस काराकोलेस’ म्हणून ओळखला जातो. काराकोल म्हणजे गोगलगाय. एकाच उतारावर एकाखाली एक अशी २९ नागमोडी वळणे आहेत आणि मालट्रक तिथे खरोखरच गोगलगायीच्या गतीने चालतात.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते मार्च हा काळ सगळ्यात भरवशाचा. ऋतू आपल्या उलट असतात, हे तारखा ठरवताना लक्षात असू द्या. आपल्याकडची मे-जूनची सुट्टी म्हणजे तिथे हिवाळ्याची सुरुवात. जून ते ऑगस्टमध्ये बर्फ पडला की खिंड बंद होते. कधी काही तास, कधी ओळीने अनेक दिवस. सप्टेंबरमध्येही हे होऊ शकते. हिवाळ्यात खिंड उघडी असली तरी वाहतूक बहुधा फक्त दिवसा सोडतात, त्यामुळे रात्रीच्या बस बंद असतात.

उन्हाळ्यातही रस्ता अडतो, फक्त कारण वेगळे असते. दुपारी डोंगरात जोराचा पाऊस झाला तर अर्जेंटिनाच्या बाजूच्या कोरड्या नाल्यांतून चिखल आणि दगड वाहून रस्त्यावर येतात. तिथल्या भुसभुशीत, झाडे नसलेल्या उतारांवर पाणी धरून ठेवणारे काहीच नाही. अशा वेळी यंत्रे येऊन रस्ता मोकळा करेपर्यंत थांबावे लागते.

ऑक्टोबर आणि एप्रिल हे मधले महिने आम्हाला सगळ्यात आवडतात. डोंगरावर बर्फ दिसतो, रांगा लहान असतात. फक्त हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.

दिवसाची बस घ्यावी की रात्रीची?

दिवसाची. रात्रीची बस एका मुक्कामाचे भाडे वाचवते, पण ती मध्यरात्रीनंतर कधीतरी सीमेवर पोचते. तेव्हा सगळ्यांना झोपेतून उठून गोठवणाऱ्या थंडीत सामानासह रांगेत उभे राहावे लागते. झोप होत नाही आणि ज्या रस्त्यासाठी आलात तोही दिसत नाही.

कोणत्या बाजूला बसावे?

मेंडोसाहून जाताना उजवीकडे, सँतियागोहून येताना डावीकडे. आकोंकाग्वा (६,९६१ मीटर, आशियाबाहेरचे जगातले सर्वांत उंच शिखर) रस्त्याच्या उत्तरेला आहे आणि ओर्कोनेस दरीच्या तोंडाशी अगदी थोडा वेळ दिसते. मेंडोसाहून येताना पुएंते देल इंका गेले की कॅमेरा हातात घेऊन ठेवा. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरच्या पहिल्या चार जागा लवकर जातात. काराकोलेस उतरताना तिथून जे दिसते ते दुसऱ्या कुठल्याच जागेवरून दिसत नाही. मात्र ज्यांना गाडी लागते त्यांनी खालचा मजला घ्यावा, कारण वरच्या मजल्याचा झोका जास्त असतो.

तिकीट कुठे आणि किती आधी काढावे?

मेंडोसाच्या मुख्य बस स्थानकात कंपन्यांच्या खिडक्या ओळीने आहेत. एरवी एक-दोन दिवस आधी तिकीट मिळते. जानेवारी-फेब्रुवारी, ईस्टरचा आठवडा आणि १८-१९ सप्टेंबरच्या चिलीच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आसपास आठवडाभर आधी काढा. ‘सेमी-कामा’ म्हणजे अर्धी मागे जाणारी खुर्ची, ‘कामा’ म्हणजे रुंद आणि जास्त मागे जाणारी, एका रांगेत तीनच. दिवसाच्या प्रवासाला सेमी-कामा पुरते.

तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टाशी तंतोतंत जुळला पाहिजे, कारण प्रवाशांची यादी सीमेवर दाखवली जाते. इथे मराठी नावांचा घोळ होतो. स्पॅनिश अर्जात ‘आपेयीदोस’ म्हणजे आडनाव आणि ‘नोम्ब्रेस’ म्हणजे बाकीचे नाव. चिलीसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत लोकांना दोन आडनावे असतात, त्यामुळे खिडकीवरचा माणूस तुमच्या वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिले आडनाव समजून टाकतो. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात जेवढे आहे तेवढेच ‘आपेयीदोस’मध्ये यायला हवे. तिकीट हातात आले की खिडकीपाशी उभ्या उभ्याच वाचा.

भारतीय पासपोर्टावर व्हिसाचे काय?

सीमेवर व्हिसा मिळत नाही. दोन्ही देशांची परवानगी आधी हातात हवी. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना दोन्ही देशांनी सवलती दिल्या आहेत, पण त्यांच्या अटी बदलत असतात. अर्जेंटिनाचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, चिलीचा दूतावास दिल्लीत. निघण्यापूर्वी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजा नियम पाहा आणि तीन गोष्टी खास तपासा.

पहिली, परवानगी एकदाच प्रवेशाची आहे की अनेकदा. ब्युनोस आयरेसला उतरून, चिलीला जाऊन, परत ब्युनोस आयरेसहून भारतात यायचा बेत असेल तर अर्जेंटिनात दोनदा प्रवेश होतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच वेळी वापरला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती लक्षात येते ती सीमेवर. दुसरी, इलेक्ट्रॉनिक परवानगी असेल तर ती जमिनीवरच्या सीमेलाही चालते की फक्त विमानतळावर. तिसरी, सवलत दुसऱ्या देशाच्या व्हिसावर अवलंबून असेल तर त्या व्हिसाची किती मुदत शिल्लक हवी.

अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. एकाच कुटुंबात आई-वडील भारतीय पासपोर्टावर आणि मुले अमेरिकी पासपोर्टावर असतील तर प्रत्येकाचा नियम वेगळा तपासा.

सगळे कागद छापून जवळ ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते आणि चौकीवर इंटरनेट चालेल याचा भरवसा नाही.

सीमेवर नेमके काय होते?

दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. चिलीत शिरताना तपासणी बोगद्यापलीकडे चिलीच्या हद्दीतल्या ‘लोस लिबेर्तादोरेस’ संकुलात होते, अर्जेंटिनात शिरताना अर्जेंटिनाच्या बाजूला ओर्कोनेसला. म्हणजे एका वेळेला एकच थांबा. चिलीकडे जातानाचा क्रम साधारण असा असतो.

बस आधी रांगेत उभी राहते. हा वेळ सगळ्यात मोठा आणि तो कुणाच्याच हातात नसतो. बसच्या साहाय्यकाने अर्ज वाटले तर लगेच भरा. पेन स्वतःचे ठेवा, कारण चाळीस माणसांत एकच पेन फिरत असते.

बस आत गेली की सगळे खाली उतरतात. पासपोर्ट, कागद, पैसे आणि जाकीट घेऊनच उतरा, परत चढू देतीलच असे नाही. पहिली खिडकी अर्जेंटिनाची, तिथे बाहेर पडल्याची नोंद होते. शेजारची चिलीच्या पोलिसांची, तिथे प्रवेशाची. या दोन्ही नोंदी झाल्याच पाहिजेत. शिक्का उमटवला नाही तर ‘एस्ता रेहिस्त्रादा मी सालीदा?’ (माझी बाहेर पडल्याची नोंद झाली का?) असे विचारून घ्या. नोंद राहिली तर पुढच्या सीमेवर तुम्ही अजून पहिल्याच देशात आहात असे दिसते आणि ते निस्तरायला दिवस जातो.

चिली प्रवेशाची पावती देते, कागदावर किंवा डिजिटल. ती देश सोडेपर्यंत जपा. कागदाचा फोटो काढून ठेवा. हॉटेलातही ती मागतात. परदेशी पर्यटकाने डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने पैसे दिले आणि पासपोर्टासोबत ही पावती दाखवली, तर नोंदणीकृत हॉटेलात १९ टक्के मूल्यवर्धित कर माफ होतो.

मग सामान. बसच्या पोटातल्या सगळ्या बॅगा उतरवून क्ष-किरण यंत्रातून जातात. कधी त्या जमिनीवर ओळीने मांडून कुत्रा फिरवतात. कुत्रा तुमच्या सॅकेपाशी बसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याला केळ्याचा किंवा चीजचा वास आलेला असतो. सामान उचलणारे हमाल टिपेची अपेक्षा करतात. थोडी चिल्लर खिशात असू द्या.

बसमध्ये परत चढण्यापूर्वी सॅक पोटात गेली का हे डोळ्यांनी पाहा.

खायचे काय नेता येते? घरचे लाडू-चिवडा चालतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चुकाही इथेच जास्त होतात.

चिलीची फळशेती निर्यातीवर उभी आहे. उत्तरेला आताकामाचे वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला समुद्र, यांमुळे फळमाशीसारख्या किडी तिथे सहज पोचत नाहीत. हे नैसर्गिक कुंपण माणसाच्या पिशवीतून फुटू नये म्हणून ‘साग’ ही कृषी संस्था प्रत्येक प्रवाशाकडून लेखी जाहीरनामा घेते. तो आधी ऑनलाइनही भरता येतो. प्रश्न सोपा असतो, वनस्पतीपासून किंवा प्राण्यापासून झालेले काही तुमच्याकडे आहे का?

शंका असेल तिथे ‘हो’ लिहा. ‘हो’ लिहिले आणि वस्तू चालण्यासारखी नसली तर ती काढून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. दंड नाही. ‘नाही’ लिहिले आणि सॅकेत एक संत्रे सापडले तर दंड होतो, बाकी बस तुमच्यासाठी खोळंबते ते वेगळेच. वस्तू केवढी होती याला फार महत्त्व नसते, खोटे लिहिले याला असते.

ताजी फळे, भाज्या, बिया, मध, मांस आणि घरगुती दुधाचे पदार्थ नेऊच नका. मध तर आवर्जून शोधतात. उत्तर अर्जेंटिनातल्या साल्ताकडून येणाऱ्यांच्या खिशात कोकाची पाने असतात. अर्जेंटिनात ती चघळलेली चालतात, चिलीत नेऊ नका.

आपल्या घरच्या डब्यातल्या काही गोष्टी बियांच्या व्याख्येत बसतात हे चटकन ध्यानात येत नाही. मेथीदाणे, मोहरी, धणे, जिरे, ओवा, कच्चे शेंगदाणे, मोड आणायला घेतलेले मूग या रुजू शकणाऱ्या बिया आहेत. कढीपत्ता, सुकवलेली तुळस, हळकुंड हे वनस्पतीचे भाग. तुपातले लाडू आणि पेढे दुधाचे. रुद्राक्षाची माळ म्हणजेही बियाच, तुळशीची माळ म्हणजे लाकूड. या सगळ्यांना ‘हो’ लिहायचे आणि अधिकाऱ्यासमोर ठेवायचे. काय जाऊ द्यायचे ते तो ठरवतो. कारखान्यात बंद केलेले, घटकांची यादी छापलेले बिस्किटांचे किंवा फरसाणाचे पुडे सहसा जाऊ देतात. घरी बांधलेल्या, नाव नसलेल्या पुरचुंड्या अडतात, कारण आत काय आहे हे त्याला वाचता येत नाही. आईने दिलेले मेतकूट प्रिय असेल तर ते अर्जेंटिनातच संपवा.

सीमेच्या आधी तासभर सॅकेचे सगळे कप्पे उलटून पाहा. हॉस्टेलच्या नाश्त्यातून उचललेले सफरचंद, अर्धे खाल्लेले सँडविच, सुकामेव्याची उघडी पिशवी ही नेहमीची कारणे. बसमध्ये मिळालेला खाऊही तिथेच संपवा. ट्रेक करून आला असाल तर बुटांच्या तळव्यांचा चिखल आदल्या दिवशी ब्रशने काढा.

उलट दिशेनेही फळे नेऊ नका. मेंडोसा द्राक्षांचा आणि फळांचा प्रांत आहे, फळमाशीविरुद्ध त्यांचीही स्वतंत्र मोहीम चालते.

सामान कसे बांधावे?

मोठी सॅक बसच्या पोटात, छोटी जवळ. मोठ्या सॅकेचे पट्टे आवरून पावसाळी कव्हरात गुंडाळा, नाहीतर चढवता-उतरवताना ते अडकून तुटतात. सामानाच्या बिल्ल्याचा अर्धा तुकडा तुमच्याकडे राहतो, तो पासपोर्टात ठेवा. मेंडोसात टी-शर्टवर बसलेला माणूस चौकीवर कुडकुडतो, म्हणून जाकीट, टोपी आणि मोजे वरच्या पिशवीत असू द्या. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शाम्पूच्या बाटल्या गळतात. बाटली दाबून हवा काढा, मग झाकण लावा.

उंचीचा त्रास होतो का?

क्वचित. बोगदा लेहपेक्षा थोडा खाली आहे, आणि बस तिथून लगेच उतरू लागते. काहींचे डोके जड होते. पाणी पीत राहा, चौकीवर धावपळ करू नका, आदल्या रात्री मेंडोसाची वाइन बेताने घ्या. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून निघावे, कारण रांग लांबली तर ३,००० मीटरच्या आसपास काही तास काढावे लागतात.

गाडी लागण्याचा त्रास मात्र पुष्कळांना होतो. आंबेनळी घाटात ज्यांना मळमळते त्यांना काराकोलेस जड जाईल. गोळी उलटी यायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. ती वळणांच्या तासभर आधी, म्हणजे चौकीच्या रांगेत असतानाच घ्या. वळणांवर मोबाइलमध्ये डोके घालू नका.

शाकाहारी माणसाने काय खावे?

बसमध्ये खाऊ दिला तर त्यात बहुतेक वेळा हॅम आणि चीज असते. ‘सिन कार्ने’ एवढे म्हणून भागत नाही. तिथे ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस, त्यामुळे ‘कार्ने नाही’ म्हटल्यावर कोंबडी किंवा हॅम पुढे येते. ‘नि कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि पेस्कादो’ असे सगळे मोजून सांगा. निघताना मेंडोसातून चीजची किंवा पालकाची एम्पानादा (भाजलेली करंजीच म्हणा) घ्या आणि सीमेआधीच संपवा. चौकीवर खायला काही मिळेल यावर विसंबू नका. पाण्याची दीड लिटरची बाटली जवळ हवी.

पैसे, सिम कार्ड, घड्याळ?

उरलेले अर्जेंटिनाचे पेसो मेंडोसातच खर्च करा किंवा बदला. चिलीत त्यांना भाव कमी मिळतो. सँतियागोत उतरल्यावर मेट्रो आणि जेवणापुरते चिलीचे पेसो मात्र आधीच मेंडोसात घेऊन ठेवा. दोन्हीचे नाव पेसो असले तरी किंमत वेगळी आहे, नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा.

उस्पायातानंतर रेंज जाते ती बरीचशी लोस आंदेसच्या आसपास परत येते. नकाशे आणि हॉटेलचा पत्ता आधी उतरवून घ्या.

अर्जेंटिना वर्षभर एकच वेळ पाळते. चिली हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे घेते. म्हणून उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते, हिवाळ्यात चिली तासभर मागे.

खिंड बंद झाली तर?

आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी, दोन्ही वेळा चौकशी करा. दोन्ही देशांच्या सीमा यंत्रणा खिंडीची स्थिती समाजमाध्यमांवर टाकतात. ‘आबिलितादो’ किंवा ‘आबिएर्तो’ म्हणजे सुरू, ‘सेर्रादो’ म्हणजे बंद. मेंडोसात ऊन असले म्हणून वर हवा चांगली असेल असे नाही. कित्येकदा शहरात झोंडा नावाचा गरम कोरडा वारा सुटतो तेव्हाच माथ्यावर हिमवादळ चालू असते.

बस रद्द झाली तर कंपनीच्या खिडकीवर जाऊन पुढची तारीख किंवा पैसे परत मागा. मूळ तिकीट टाकू नका. बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी अडकलेले सगळे एकदम निघतात आणि रांग प्रचंड होते, घाई नसेल तर एक दिवस जाऊ द्या. ‘दुसऱ्या वाटेने नेतो’ म्हणणाऱ्या खासगी गाडीवाल्याबरोबर जाऊ नका. बंद खिंडीला जवळची दुसरी वाट नसते. फारच घाई असेल तर विमान आहे, उड्डाण तासाभराचे.

मधे उतरून आकोंकाग्वा किंवा पुएंते देल इंका पाहता येईल का?

आंतरराष्ट्रीय बसने नाही. त्यांची यादी सुरुवातीलाच ठरलेली असते, मधे उतरायला किंवा चढायला मिळेल असे धरू नका. मेंडोसात दोन दिवस जास्त ठेवा. एका दिवशी ‘आल्ता मोन्तान्या’ नावाची सहल किंवा उस्पायाताकडची स्थानिक बस घेऊन वर जाऊन या, दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडा. एकच रस्ता दोनदा होतो, पण दुसऱ्यांदा तो ओळखीचा वाटतो.

पुएंते देल इंका हा नदीवरचा निसर्गनिर्मित दगडी पूल आहे, गरम झऱ्यांतल्या खनिजांनी पिवळा-केशरी झालेला. शेजारचे स्नानगृहांचे हॉटेल १९६५ साली हिमकड्याखाली गेले. पुलावर चालू देत नाहीत, समोरून पाहायचा. उन्हाळ्यात सहली जुन्या कच्च्या रस्त्याने ३,८०० मीटरच्या वर, अर्जेंटिना आणि चिली यांच्यातल्या शांततेची आठवण म्हणून १९०४ मध्ये उभारलेल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यापर्यंतही जातात. बस मात्र त्याच्या खालून, बोगद्यातून जाते. खिडकीतून रस्त्याला लागून दिसणारे मोडके रूळ आणि बर्फापासून बचावाची छपरे १९१० साली सुरू झालेल्या अँडीज रेल्वेची आहेत. ती १९८४ मध्ये बंद पडली.

सँतियागोत उतरल्यावर?

बस बहुधा आलामेदा रस्त्यावरच्या टर्मिनलांपैकी एकावर येते. मेट्रोचे ‘युनिव्हर्सिदाद दे सँतियागो’ स्थानक तिथेच आहे, मार्ग १. त्यासाठी ‘बिप’ कार्ड घ्या. गर्दीत छोटी पिशवी पोटाशी धरा. कपड्यांवर काही सांडले आहे असे सांगून पुसायला येणाऱ्या माणसापाशी थांबू नका, ती चोरीची जुनी रीत आहे. बस रात्री उशिरा पोचू शकते म्हणून उशिरा येणाऱ्याला दार उघडणारे हॉस्टेल निवडा.

इतर खिंडींतून बस जातात का?

जातात. दक्षिणेला बारिलोचेहून ओसोर्नोकडे कार्देनाल सामोरे खिंड आहे. उंची १,३०० मीटरच्या आसपास, जंगल आणि तळी. उत्तरेला साल्ता किंवा हुहुईहून सान पेद्रो दे आताकामाकडे हामा खिंड सुमारे ४,२०० मीटरवर. हामाला उंचीचा त्रास खरोखर होतो, तिथे आधी एक-दोन रात्री मध्यम उंचीवर काढून मगच निघा. साग आणि जाहीरनाम्याचे नियम सगळीकडे तेच.

भारतात परत येताना काही अडचण?

एक आहे, आणि ती फार जणांना मुंबईच्या विमानतळावर कळते. भारताच्या पीतज्वरग्रस्त (यलो फीवर) देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, चिली नाही. अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही फक्त मेंडोसात होतात, तिथे हा आजार नाही, हे सांगून उपयोग होत नाही, कारण यादी देशाची आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. पुढे ते आयुष्यभर चालते. केंद्रावर तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून विमानाचे तिकीट काढले की त्याच आठवड्यात लशीची नोंदणी करा आणि प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक पासपोर्टाबरोबरच ठेवा.